खमसीन पन्नास दिवस वाहत नाही

इजिप्तमध्ये वसंतात वाहणारा खमसीन हा उष्ण, कोरडा, धुळीचा वारा सलग पन्नास दिवस टिकतो, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. या समजुतीचे मूळ नावातच आहे, कारण अरबी भाषेत ‘खमसीन’ म्हणजे पन्नास. मात्र हा आकडा वाऱ्याच्या मुक्कामाचा नसून, तो अधूनमधून येण्याची शक्यता असलेल्या साधारण पन्नास दिवसांच्या हंगामाचा आहे.

मार्च ते मे या काळात सहारा झपाट्याने तापत असतो, तर भूमध्य समुद्राचे पाणी अजून थंडच असते; तापमानातील या तफावतीमुळे उत्तर आफ्रिकेत कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि किनाऱ्याच्या आसपासच्या पट्ट्यातून पूर्वेकडे सरकतात. अशा क्षेत्राच्या पुढच्या बाजूला वारे दक्षिणेकडून वाहू लागतात आणि वाळवंटातील तप्त हवा, वाळू व धूळ थेट कैरोपर्यंत आणतात. पारा कधीकधी ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि हवेतील आर्द्रता एकदम घसरते. पण ते क्षेत्र पुढे सरकले आणि त्यामागून येणारी थंड हवा पोहोचली की वारा वायव्येकडून वाहू लागतो व तापमान काही तासांतच उतरते. म्हणूनच एकेक खमसीन काही तासांत किंवा फार तर दोन-चार दिवसांत ओसरतो. मधले दिवस बहुधा निवळ असतात, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.