सोलापूरचा भुईकोट किल्ला व बाग : ऋतुमानानुसार भेट

सोलापूर शहराच्या मध्यात, सिद्धेश्वर तलावाच्या पश्चिम काठाला दुहेरी तटाचा भुईकोट किल्ला आहे आणि त्याला लागूनच हुतात्मा बाग आहे. दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहिली जातात. सावकाश पाहायचे तर दोन तास हाताशी ठेवावेत. पार्क चौक ही खूण सांगितली की रिक्षावाला दुसरे काही विचारत नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले स्मारक आहे.

भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो, त्यामुळे इथले सगळे संरक्षण पाण्यावर होते. पूर्वेला तलाव आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना खंदक. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये खंदकाची रुंदी 100 ते 150 फूट आणि खोली 15 ते 30 फूट दिली आहे. आज काठावरून पाहताना ती खोली पटत नाही, कारण मधल्या काळात गाळ आणि भराव बराच साचला. बाहेरच्या तटापेक्षा आतला तट उंच आहे. शत्रूने पहिला तट घेतला तरी तो दुसऱ्या तटावरच्या माऱ्यात सापडावा, हा त्यामागचा हिशेब. दोन तटांमधल्या चिंचोळ्या पट्टीत उभे राहून वर पाहिले की तो लगेच कळतो.

किल्ल्याची बांधणी बहमनी काळातली मानली जाते, पुढची डागडुजी आणि भर आदिलशाहीतली. विजापूर आणि अहमदनगर यांच्यात सोलापूरसाठी दीर्घकाळ ओढाताण चालली. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून गेला, आणि त्यानंतर 1565 मध्ये दक्षिणेतील सुलतान एकत्र येऊन विजयनगरशी लढले. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेने किल्ला पेशव्यांकडून घेतला. आत बत्तीस खांबी वास्तू, तोफा, फारसी शिलालेख आणि उत्खननात उघडे झालेले मंदिराचे अवशेष आहेत. हे मंदिर बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या परंपरेतील कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचे मानतात. तटाच्या दगडांकडे नीट पाहिल्यास जुन्या मंदिरांचे कोरीव दगड मध्येच उलटेसुलटे बसवलेले सापडतात. घाईत फिरणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून तटाशेजारून चालताना नजर गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या थरांवर ठेवावी. बागेचे नाव मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ आहे. 1930 मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी अंमलानंतर) त्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

उन्हाळा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथली खरी अडचण दगडाची आहे. काळा पाषाण दिवसभर ऊन पितो आणि सूर्य कलल्यावर ते परत सोडतो. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, अशा दिवशी संध्याकाळी सहालाही पश्चिमेच्या तटाजवळ भट्टीची धग लागते. ‘ऊन उतरल्यावर जाऊ’ हा बेत म्हणूनच फसतो: धग ओसरेपर्यंत सूर्यास्त होतो आणि दरवाजा बंद होतो. उन्हाळ्यात सकाळी दार उघडताच आत जावे. त्या वेळी पश्चिमेच्या तटाबाहेर सावली असते, म्हणून सुरुवात तिथून करावी, आतला भाग उरकावा आणि साडेनऊपर्यंत बाहेर पडावे. माणशी एक लिटर पाणी कमीत कमी. तटावर टपरी नाही. पायात जाड तळव्याचे बूट हवेत, रबरी चप्पल तापलेल्या फरशीवर मऊ पडते.

बागेच्या दृष्टीने मात्र हाच फुलांचा काळ. सोलापुरात कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये मोहरतो आणि त्याचा वास सकाळी खालच्या गारव्यात जास्त जाणवतो. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर फुलतात. हिरवळ या दिवसांत पिवळी पडते, त्याबद्दल माळ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाणीटंचाईच्या गावात आधी झाड जगवायचे, गवत नंतर. हरळी सुकली तरी तिची मुळी जिवंत राहते आणि पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा फुटते.

पावसाळा. सोलापूर पर्जन्यछायेत आहे. जून-जुलै बहुतेक ढगाळ आणि कोरडे जातात, जोराचा पाऊस सप्टेंबरमध्ये, तोही अनेकदा दुपारनंतर विजांसह येतो. जुलैची ढगाळ सकाळ ही फिरायला वर्षातली सर्वांत कमी दखल घेतली गेलेली वेळ आहे: ऊन नाही, गर्दी नाही, चिखलही अजून नाही. जोराचा पाऊस झाल्यावर दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. काळी माती ओली असताना बुटाला थरावर थर चिकटते आणि त्याच बुटांनी शेवाळलेल्या पायऱ्या चढल्यास घसरायला वेळ लागत नाही. उतरताना तटाच्या बाजूने, पाय आडवा टाकून उतरावे. वीज कडाडत असेल तर बुरुजावर थांबू नये, झाडाखालीही नाही.

गवत वाढले की साप-विंचवाचा विचार करावा. पायवाट सोडू नये, दगडाच्या फटीत हात घालू नये, मुलांना ढिगाऱ्यांवर चढू देऊ नये. दंश झालाच तर बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काहीही न करता हातपाय न हलवता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. बुरुजाच्या आडोशाला आग्या मोहोळ दिसले तर आवाज, धूर आणि उग्र अत्तर टाळून मागे फिरावे.

पावसानंतर आणि थंडी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात किल्ला सर्वांत हिरवा असतो. महिना सरताना गवत वाळते आणि कुसळे सुटतात, ती सुती कपड्यांत आणि मोज्यांत शिरतात व चालताना टोचत राहतात. फुल पँट आणि गुळगुळीत कापड हा साधा उपाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, विशेष काळजी काही नाही. तलावावर बगळे, पाणकावळे दिसतात.

अडचण फक्त जानेवारीत. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा शेजारच्या होम मैदानावर भरते, नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुका निघतात आणि वाहतूक वळवली जाते. यात्रा पाहायची असेल तर खुशाल त्याच दिवसांत यावे, पण त्या गर्दीत किल्ला निवांत पाहता येईल अशी आशा धरू नये. जोडून करायचे असल्यास सकाळी किल्ला, संध्याकाळी गड्डा.

प्रकाश आणि छायाचित्रे. तलावाकडचा तट पूर्वाभिमुख असल्याने त्यावर सकाळी थेट ऊन पडते. सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने पाण्यापलीकडे पाहिल्यास बुरूज एकेक वेगळा दिसतो. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो, तेव्हा तटाची नुसती काळी कड उरते. शिलालेखासाठी समोरचे ऊन नको, तिरपे हवे, त्याशिवाय अक्षरांच्या कडा उठत नाहीत. त्यावर पाणी, खडू किंवा पावडर लावून अक्षरे ‘उठवण्याची’ सवय घातक आहे. तिपाई वापरायची तर आधी परवानगी लागते, ड्रोन उडवता येत नाही.

तटातली झाडे. पावसाळ्यात तटातून डोकावणारा पिंपळ वा उंबर अनेकांना शोभेचा वाटतो, पण तटाचा सर्वांत मोठा शत्रू तोच. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी चुन्याच्या सांध्यात पडते, मुळी ओलाव्याच्या मागे आत जाते आणि जाड होत दगड बाहेर ढकलते. रोप बोटाएवढे असेपर्यंत ओल्या दिवसांत मुळासकट उपटता येते. खोड मनगटाएवढे झाल्यावर ओढले तर दगडच सुटतात. मग ते बुंध्याशी कापून, मुळात औषध सोडून, पूर्ण वाळल्यावर पोकळी भरावी लागते. नुसते वरून छाटले की पुढच्या पावसात एकाच्या चार फांद्या येतात. पोकळी भरायला सिमेंट नको. ते चुन्यापेक्षा कडक असते आणि ओल आत कोंडून ठेवते, त्यामुळे शेजारचा जुना चुना भुसभुशीत होतो. चुना, वाळू आणि विटेची भुकटी यांचा गारा हिवाळ्यात भरतात आणि गोणपाट ओले ठेवून सावकाश मुरू देतात. उन्हाळ्यात तो लवकर सुकून तडकतो. हे काम खात्याच्या कारागिरांचे आहे. पाहुण्याला रोप दिसल्यास जागा टिपून तिथल्या कर्मचाऱ्याला सांगावी, स्वतः हात घालू नये.

बाहेर पडल्यावर पार्क चौपाटीवर खाण्याची सोय आहे, ती संध्याकाळी रंगते. सकाळच्या फेरीनंतर भूक लागली तर बाजाराकडे वळावे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी प्रवासात टिकतात, घरीही नेता येतात.