‘एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ एकत्र आले ते कुणाच्या परवानगीने?

जुलै 2003 मध्ये ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ आला तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्यात रस वाटण्याचं एक सरळ कारण होतं. शॉन कॉनरीच्या बरोबरीने पोस्टरवर नसीरुद्दीन शाह होते, आणि तेही कॅप्टन नेमोच्या भूमिकेत. कथेचा काळ 1899. युरोपात महायुद्ध पेटवून शस्त्रं विकायचा एका मुखवटेवाल्याचा डाव असतो आणि तो उधळायला लंडनमध्ये एक टोळी जमवली जाते. रायडर हॅगार्डचा शिकारी अॅलन क्वाटरमेन, ‘ड्रॅक्युला’तली मिना हार्कर, डॉ. जेकिल आणि त्याच्या पोटातला हाइड, ऑस्कर वाइल्डचा चिरतरुण डोरियन ग्रे, मार्क ट्वेनचा टॉम सॉयर, एक अदृश्य माणूस आणि ‘नॉटिलस’ पाणबुडीसह नेमो. खलनायक शेवटी निघतो शेरलॉक होम्सचा वैरी मोरियार्टी.

बघितलं तर यातल्या अनेकांना त्यांच्या लेखकांनी केव्हाच मारून टाकलं होतं. क्वाटरमेन 1887 च्या कादंबरीत मरतो, मोरियार्टी 1893 च्या कथेत धबधब्यात कोसळतो, आणि नेमोची तर ‘नॉटिलस’च शवपेटी होते. पण मेलेल्याला उठवणं लेखकाला अवघड नसतं. अवघड असतं ते हक्काचं प्रकरण. या टोळीत कोण आलं, कोण राहिलं आणि कोण नाव लपवून आलं, हे ठरवण्यात लेखणीइतकाच वाटा प्रकाशकांचा आणि वकिलांचा आहे.

दुसऱ्याचं पात्र उचलून आपल्या गोष्टीत घालायची खोड जुनीच. 1906 मध्ये फ्रान्समध्ये मॉरिस लेब्लांने आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराची गाठ थेट शेरलॉक होम्सशी घालून दिली. कॉनन डॉयल हयात होता, त्याने हरकत घेतली. पुढच्या कथांतून होम्सचा ‘हर्लॉक शोल्म्स’ झाला. अक्षरांची अदलाबदल एवढाच काय तो फरक; वाचकाला सगळं कळत होतं आणि कायद्याला हात लावता येत नव्हता. त्याच्या नऊ वर्षं आधी ज्यूल व्हर्नने एडगर अॅलन पोच्या अर्धवट वाटणाऱ्या सागरकथेचा पुढचा भाग लिहून काढला होता. पो 1849 मध्येच वारला होता, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न आला नाही. सिनेमात हेच काम युनिव्हर्सल स्टुडिओने 1943 मध्ये फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस यांची झुंज लावून केलं, पण तिथे दोन्ही राक्षस घरचेच होते.

या लीगमधली बरीचशी मंडळी ब्रिटनमधल्या अगदी थोड्या वर्षांत जन्मली: क्वाटरमेन 1885, जेकिल 1886, डोरियन 1890, मिना आणि अदृश्य माणूस दोघेही 1897. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर वाचता येणारी नवी पिढी तयार झाली होती, वाचनालयांसाठी काढलेल्या महागड्या तीन खंडी कादंबऱ्या मागे पडून एका खंडाची स्वस्त, वेगवान कादंबरी चालू लागली होती. भीती, साहस आणि विज्ञान यांचा माल एकाच पेठेत विकला जात होता. हे सगळे लोक एकमेकांना ओळखत असतील, ही कल्पना म्हणूनच पटते.

ती कल्पना कॉमिकमध्ये आणली अॅलन मूर आणि चित्रकार केव्हिन ओनील यांनी, 1999 मध्ये. त्यांच्या लीगची प्रमुख आहे मिना: नवऱ्यापासून विभक्त झालेली, गळ्यात कायम स्कार्फ, आणि पुरुषांना धाकात ठेवणारी. क्वाटरमेन तिला सापडतो तो अफूच्या नशेत पडलेला म्हातारा म्हणून. त्यावरून निघालेल्या सिनेमात कॉनरी आल्यावर हे टिकणार नव्हतं. नेतृत्व क्वाटरमेनकडे गेलं, आणि मिना रक्त पिणारी रसायनशास्त्रज्ञ झाली. माझ्या मते सिनेमा इथेच निम्मा हरला.

कॉमिकमधला एक खलनायक चिनी ‘डॉक्टर’ आहे. त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही. वाचणाऱ्याला तो सॅक्स रोमरचा फू मांचू आहे हे पहिल्या चित्रात कळतं, पण रोमर 1959 मध्ये वारलेला, म्हणजे हक्क जिवंत. लेब्लांचीच युक्ती, शतकभराने.

सिनेमावाल्यांची अडचण वेगळी होती. अदृश्य माणसाचा जनक एच. जी. वेल्स 1946 मध्ये वारला आणि ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हक्क टिकतो. कॉमिकमध्ये वेल्सचा मूळ अदृश्य शास्त्रज्ञ ग्रिफिनच आहे. सिनेमाला तो मिळाला नाही. मग रॉडनी स्किनर नावाचा एक भुरटा चोर उभा केला, ज्याने म्हणे मूळ शास्त्रज्ञाचा फॉर्म्युलाच पळवला आहे. चोरून आणलेल्या पात्राला चोर बनवणं, हा त्या पटकथेतला एकुलता एक खट्याळ विनोद असावा.

टॉम सॉयर आला तो अमेरिकन प्रेक्षकासाठी. कॉमिकच्या टोळीत तो नाहीच. मूळ कादंबरी 1840 च्या आसपासच्या मिसिसिपीकाठी घडते, म्हणजे 1899 मध्ये हा पोरगा साठी ओलांडलेला हवा. पडद्यावर तो विशीतला गुप्तहेर आहे.

आता नेमो. त्याची जन्मकथा या सगळ्यांत सुरस आहे, आणि तिच्यात आपण येतो. व्हर्नच्या मनात नेमो होता पोलिश सरदार, ज्याचं कुटुंब रशियनांनी मारलं. प्रकाशक हेत्झेल बिचकला. रशियात व्हर्नची पुस्तकं खपत होती, झारला दुखवायचं कशाला? म्हणून 1869-70 च्या पहिल्या कादंबरीत नेमोला देशच नाही. पाच वर्षांनी ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये व्हर्नने पत्ते उघडले: नेमो म्हणजे प्रिन्स डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा. युरोपात शिकलेला, 1849 मध्ये परतलेला, 1857 च्या उठावात लढलेला आणि त्यात बायकामुलं गमावलेला. शत्रू रशियाऐवजी इंग्लंड झाला. फ्रेंच वाचकाला यात कुठेही खुपण्यासारखं नव्हतं.

तरी हेत्झेलची कात्री थांबली नाही. हस्तलिखितात मरताना नेमो एकच शब्द उच्चारतो: ‘स्वातंत्र्य!’ छापील पुस्तकात त्याचं ‘देव आणि मायभूमी!’ झालं.

व्हर्नचा हिंदुस्थान ऐकीव होता हे मान्य करायला हवं. टिपू 1799 मध्ये पडला आणि कादंबरीच्या हिशेबाने त्याचा हा भाचा जन्मतो वीस वर्षांनी; श्रीरंगपट्टण आणि बुंदेलखंड यांची सोयरीक कशी जुळली तेही विचारू नये. 1857 मात्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही. 1880 मध्ये त्याने वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीची कादंबरी लिहिली आणि तिच्यात खुद्द नानासाहेब पेशवे आणले, पण खलनायक म्हणून. एकाच लेखकाने बंडातल्या एका काल्पनिक राजपुत्राला नायक करावं आणि खऱ्या पेशव्याला सूडाने पेटलेला शत्रू, हे आपल्याला टोचतं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नवर जे वाढले, त्यांच्या मनात मात्र पहिलाच व्हर्न घर करून आहे.

पडद्यावर नेमोचं हे भारतीयपण बराच काळ बाजूला पडलं होतं. डिस्नेच्या 1954 च्या गाजलेल्या चित्रपटात नेमो आहे जेम्स मेसन, अस्सल इंग्रज. मूर-ओनील यांनी नेमोला पुन्हा भारतीय केलं, तेही इंग्रजांवरचा राग शाबूत ठेवून, आणि सिनेमाने निदान एवढं तरी पुढे नेलं. नसीरुद्दीनचा नेमो शिखासारखी पगडी बांधतो, तलवार चालवतो आणि कालीच्या मूर्तीपुढे बसतो. बुंदेलखंडचा राजपुत्र, शिखाचा वेश, बंगालची वाटावी अशी देवी: हॉलीवूडला भारत एकाच फ्रेममध्ये उरकायचा होता. ती पूजा दिसताच सोबत्यांना प्रश्न पडतो की मृत्यूच्या देवीचा हा भक्त विश्वासू असेल का. नसीर ते सगळं शांतपणे निभावून नेतो. त्याच्या नेमोत जो ताठा आहे, तो कपडेपटातून आलेला नाही.

चित्रीकरण प्रागमध्ये चाललं असताना ऑगस्ट 2002 च्या व्लतावा नदीच्या पुरात सेट वाहून गेले. दिग्दर्शक स्टीफन नॉरिंग्टन आणि कॉनरी यांचं बिनसलं. कॉनरीने आधी ‘मॅट्रिक्स’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कळले नाहीत म्हणून नाकारले होते, त्यामुळे हा घेतला. नंतर कॅमेऱ्यासमोर तो मुख्य भूमिकेत पुन्हा दिसला नाही. सुमारे 7.8 कोटी डॉलरच्या चित्रपटाने जगभरात 17.9 कोटींच्या आसपास गल्ला केला, टीकाकारांनी मात्र सोलून काढलं.

त्याच वर्षी लॅरी कोहेन आणि मार्टिन पोल यांनी हा चित्रपट काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओवर दावा लावला. नव्वदच्या दशकात आपण याच कल्पनेची पटकथा स्टुडिओला दिली होती, आणि कॉमिक हा चोरी झाकायचा पडदा आहे, असं त्यांचं म्हणणं. कॉमिकमध्ये नसलेले डोरियन आणि टॉम सॉयर दोन्ही पटकथांत कसे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड वाटण्याजोगा होता. मूरला तासन्‌तास जबानी द्यावी लागली. फॉक्सने शेवटी कोर्टाबाहेर तडजोड केली, त्यामुळे आपल्यावरचा आरोप खोटा ठरायची संधीच गेली, म्हणून मूर भडकला. आपल्या कॉमिकवरच्या पुढच्या चित्रपटांतून त्याने नावही काढून घेतलं आणि पैसेही नाकारले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची पात्रं उसनी घेऊन उत्तम लिहिलं, त्याच्यावर उसनवारीचाच आळ यावा, याची गंमत त्याला स्वतःला वाटली नसणार.

आता कुलपं एकेक करून उघडत आहेत. वेल्सवरचा ब्रिटनमधला हक्क 2016 अखेर संपला, होम्सच्या शेवटच्या कथा अमेरिकेत 2023 च्या सुरुवातीला मोकळ्या झाल्या. फू मांचूचं नाव ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2030 पासून कुणालाही छापता येईल. चिनी माणसाला राक्षस ठरवणारं हे पात्र तोवर कुणाला हवंसं वाटेल असं मात्र दिसत नाही.