नाट्यगृहाच्या छतातले शेवटचे ७५ मिलिमीटर

सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या नाट्यगृहांना पटापट कुलपे लागली. नॉर्थॅम्प्टनचे रॉयल अँड डर्नगेट, रेडहिलचे हार्लेक्विन, साउथएंडचे क्लिफ्स पॅव्हिलियन, कार्डिफचा सेंट डेव्हिड्स हॉल. यांतल्या कुठल्याही सभागृहात छत पडलेले नव्हते. पण ३१ ऑगस्टला सरकारने शंभराहून अधिक शाळांना एका विशिष्ट काँक्रीटच्या छताखाली मुलांना बसवू नका असे कळवले होते, आणि तेच काँक्रीट नाट्यगृहांच्याही डोक्यावर होते. सळया घातलेल्या, वाफेवर शिजवलेल्या या जाळीदार काँक्रीटला तिकडे ‘रॅक’ (RAAC) म्हणतात.

त्याची कृती ढोकळ्याच्या कृतीशी बरीच जुळते. सिमेंट, चुना, बारीक दळलेली वाळू किंवा राख आणि पाणी यांच्या सरसरीत मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकायची. चुन्याशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण फुगते. घट्ट झाले की तारेने कापायचे आणि बंद टाकीत, १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखालच्या वाफेवर कित्येक तास शिजवायचे. हाती येते ते जाळीदार, करड्या-पांढऱ्या रंगाचे हलके काँक्रीट. त्यात खडी नसतेच. ओतण्याआधी साच्यात सळयांची जाळी ठेवली की झाले ‘रॅक’. ही पद्धत मूळची स्वीडनची. ब्रिटनमध्ये ती १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत चालली.

नाट्यगृहे बांधणाऱ्यांना ते का आवडले, हे साध्या हिशोबात दिसते. ५ मीटर लांब, ६०० मिलिमीटर रुंद, २०० मिलिमीटर जाड अशी एक फळी घ्या. नेहमीच्या काँक्रीटची असेल तर वजन १,४०० किलोच्या पुढे. या काँक्रीटची असेल तर साडेतीनशे-चारशे किलो. प्रेक्षागृहावर मधे खांब चालत नाहीत, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या (ट्रस) भिंतीपासून भिंतीपर्यंत न्याव्या लागतात. वरचे छत जितके हलके, तितक्या त्या स्वस्त.

हलकेपणाची किंमत ताकदीत मोजावी लागते. नेहमीचे काँक्रीट चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन किंवा अधिक दाब सहज सोसते. हे २ ते ५. पण खरी मेख सळईत आहे. नेहमीच्या काँक्रीटमध्ये सळई पूर्ण लांबीभर घट्ट पकडलेली असते. बुडबुड्यांच्या या मिश्रणात गुळगुळीत सळईला पकड मिळत नाही, शिवाय गंजू नये म्हणून तिला डांबरासारखा लेप दिलेला असतो. म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना मुख्य सळयांवर आडव्या सळया वेल्ड करतात. बोटीच्या नांगरासारख्या त्या सळईला धरून ठेवतात. ही आडवी सळई तुळईच्या वर, टेकणाच्या आत यायलाच हवी. जुन्या इमारतींत फळी तुळईवर जेमतेम ४०-४५ मिलिमीटर टेकलेली सापडते; आता किमान ७५ मागतात. टेकण तोकडे असेल किंवा कारखान्यात आडवी सळई आतल्या बाजूला सरकली असेल, तर फळीच्या टोकाला सगळा भार नुसत्या ठिसूळ काँक्रीटवर येतो. असे टोक आधी वाकून, तडा दाखवून इशारा देत नाही. ते एकदम कातरले जाते. २०१८ च्या जुलैमध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचे छत असेच, फारशी पूर्वसूचना न देता खाली आले. सुट्टीचा दिवस होता म्हणून कोणाला इजा झाली नाही.

नाट्यगृहात या टोकांशी आणखी एक खेळ होतो. वीस-तीस वर्षांत वातानुकूलनाचे डक्ट, दिव्यांच्या केबल, धूर बाहेर काढणाऱ्या खिडक्या यांच्यासाठी कोणीतरी छताला भोक पाडतो. साइटवर फळी आखूड कापली, तर आडव्या सळया असलेले टोकच भंगारात जाते. वरून सगळे ठाकठीक दिसते.

दुसरा शत्रू पाणी. ही छते बहुधा सपाट असतात. भाराखाली फळी वर्षानुवर्षे हळूहळू झोळते, झोळात पाणी साचते, त्या पाण्याच्या वजनाने झोळ वाढतो. अडीच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. आधी हिशोबाला घेतलेल्या ५ मीटरच्या फळीवर एकूण ७५ किलो. वॉटरप्रूफिंग फाटले की पाणी जाळीत मुरते. भिजलेले काँक्रीट जड होते आणि कमजोरही, आत लेप निघालेली सळई गंजते. जुना डांबरी थर न काढता त्यावरच नवा चढवण्याची सवय तर फारच घातक, कारण प्रत्येक थराचे वजन कायमचे बसते.

तपासणी खालून सुरू करतात. दर ६०० मिलिमीटरवर सरळ रेषेत सांधे, सांध्याशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतेल असा पृष्ठभाग दिसला की संशय पक्का. मग लेसरने झोळ मोजतात. ५ मीटरच्या फळीत ५० मिलिमीटर झोळ, म्हणजे लांबीचा शंभरावा भाग, ही धोक्याची खूण. त्यानंतर टेकणाची रुंदी आणि सळई शोधणाऱ्या यंत्राने आडव्या सळईची जागा. जुन्या छतात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते तपासल्याशिवाय ड्रिल लावत नाहीत; आणि संशयित छतावर कोणी चढत नाही.

शाळेत वर्गात टेकू लावून किंवा मुले शेजारच्या खोलीत बसवून निभावता येते. प्रेक्षागृहात टेकू म्हणजे रंगमंच दिसायचा बंद. उतरत्या आसनांवर पंधरा मीटर उंच मचाण उभारल्याशिवाय छताला हात लागत नाही, आणि मचाण उभे असताना प्रयोग होत नाही. म्हणून दारच बंद करावे लागते.

लंडनच्या अपोलो नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३ ला चालू प्रयोगात छताचा भाग पडून सत्तरहून अधिक जण जखमी झाले, पण तो प्रकार वेगळा. १९०१ च्या त्या इमारतीत नक्षीदार प्लास्टर गोणपाट आणि प्लास्टरच्या बंधांनी लाकडी सांगाड्याला टांगलेले होते. ते गोणपाट कुजले होते.

आपल्याकडे घराच्या भिंतीत सिपोरेक्स आहे म्हणून हे वाचून घाबरू नका. पुण्या-मुंबईत सिपोरेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठोकळ्यांची जातकुळी हीच, पण त्यांत सळई नसते. भिंतीत ते फक्त दाब सोसतात आणि इमारतीचा भार आरसीसीचे खांब-तुळया वाहतात. विचारायचा प्रश्न छताबद्दल: तिथे सळयांच्या तयार हलक्या फळ्या टाकल्या आहेत का? भारतीय मानक ६०७३ अशाच फळ्यांसाठी आहे. जुन्या सभागृहाच्या नकाशात तो आकडा दिसला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी टेकणे दाखवा.

दुरुस्तीचे दोन मार्ग. टोकांखाली लोखंडी अँगल किंवा जाड लाकूड बसवून टेकण वाढवायचे आणि मधे नवी तुळई द्यायची. किंवा सगळ्या फळ्या काढून पन्हळी पत्र्याचे डेक घालायचे. कार्डिफमध्ये सगळ्या फळ्या बदलायचे ठरले. मात्र पत्रा पावसात वाजतो आणि रस्त्याचा आवाज आत सोडतो. त्यामुळे संगीत सभागृहात त्याखाली ध्वनिरोधक थर द्यावे लागतात, आणि त्यांचे वजन जुन्या कैच्यांना पेलते का हा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो.