ओबरगुर्गल इतकं शांत कसं राहिलं? स्की ट्रिपआधी वाचलेली थोडी पार्श्वभूमी

येत्या जानेवारीत आम्ही तीन कुटुंबं मिळून ऑस्ट्रियाला स्कीइंगला जायचं म्हणतोय, त्यात निम्मे लोक पहिल्यांदाच पायात स्की घालणार, त्यामुळे गर्दीचं ठिकाण नको हे आधीच ठरलं होतं. शोधता शोधता टिरोल प्रांतातलं ओबरगुर्गल सापडलं. ओट्झताल खोऱ्याच्या पार टोकाला, १,९३० मीटर उंचीवर. त्याच खोऱ्यात खाली सोल्डन आहे, तिथे नुसती धमाल आणि गर्दी, मग वरचं हे गाव एवढं निवांत का, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना म्हणून जरा खोलात शिरले.

मुळात हे मेंढ्यांचं गाव. आजही उन्हाळ्यात पलीकडच्या, म्हणजे आता इटलीत असलेल्या खोऱ्यांतले मेंढपाळ उंच खिंडी ओलांडून कळप या भागात चरायला आणतात, आणि आल्प्समधल्या अशा स्थलांतराच्या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय. एकोणिसाव्या शतकात डोंगर चढायला शहरातली माणसं यायला लागली तेव्हा त्यांना उतरायला जागा म्हणजे पाद्र्याचं घर. शेजारच्या फेंट गावचे पाद्री फ्रान्झ झेन यांनी वाटा बांधून घेतल्या, गावातल्या पोरांना गाइड म्हणून तयार केलं, १८६९ मध्ये जर्मन आल्पाइन क्लब स्थापन करणाऱ्यांमध्येही ते होते. गरिबीतून गाव बाहेर काढायचं तर पाहुणा आला पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

पण ओबरगुर्गलचं नाव जगभर झालं ते आकाशातून! २७ मे १९३१ ला स्विस शास्त्रज्ञ ऑगस्ट पिकार आणि त्यांचे सहायक पाउल किप्फर जर्मनीतल्या ऑग्सबुर्गहून बलूनमधून उडाले आणि १५,७८१ मीटरवर पोचले, तोवर एवढ्या उंचीवर कुणीच गेलेलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या गोल बंद केबिनमध्ये दोघं बसलेले, हवा गळायला लागली तर भोकावर ताग आणि व्हॅसलीन थापलं, गॅस सोडायच्या झडपेची दोरी अडकली त्यामुळे खालीही येता येईना, प्यायचं पाणी संपलं तेव्हा केबिनच्या भिंतीवर साचलेलं दव चाटून घसा ओला केला. संध्याकाळी हवा गार झाली तसं बलून आपोआप उतरलं ते थेट गुर्गलच्या हिमनदीवर. रात्र त्यांनी तिथेच काढली, दुसऱ्या दिवशी गावातली माणसं त्यांना शोधायला वर निघाली, आणि मग जगभरच्या पेपरांत या एवढ्याशा गावाचं नाव छापून आलं. गावात पिकारांचं स्मारक आहे, पोरांना तिथे घेऊन जायचंच असं मी ठरवलंय.

महायुद्धानंतर लिफ्ट आल्या, हॉटेलं भराभर उभी राहिली, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९७४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आणि गावातली माणसं एकत्र बसली आणि गावाचं पुढे काय होणार याचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं. त्यातून निघालं ते असं की पाहुण्यांची मागणी वाढतच राहील पण कोसळणाऱ्या हिमकड्यांच्या वाटेत न येणारी सुरक्षित जमीन मोजकीच आहे, तीही थोड्या कुटुंबांच्या हातात, ती संपली की बांधकाम थांबणार आणि हॉटेलांच्या भरवशावर वाढलेल्या पुढच्या पिढीला गाव सोडावं लागेल. सत्तरच्या दशकात आपल्याच धंद्याबद्दल असा हिशेब मांडायला गावकरी बसले याचं मला फार कौतुक वाटतं. हिमकड्यांचा धाक इथे जुनाच, झाडांनी उतारावरचा बर्फ धरून ठेवावा म्हणून उंचावर झाडं कशी जगवायची याचे प्रयोग इथे पन्नासच्या दशकापासून चालू आहेत.

बर्फाचंही एक सांगायला हवं. आतल्या बाजूचं खोरं असल्यामुळे इथे पश्चिम ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागासारखा धो धो बर्फ पडत नाही, पण उंची आणि थंडी एवढी की पडलेला टिकतो, म्हणून सीझन नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत चालतो आणि वरच्या लिफ्ट ३,००० मीटरच्याही पुढे जातात.

आणि रस्ता! पलीकडे इटलीत जाणारी टिमेल्सयोख खिंड २,४७४ मीटरवर आहे. ऑस्ट्रियाच्या बाजूचा रस्ता १९५९ मध्ये झाला, होखगुर्गल या वरच्या वस्तीतली हॉटेलं त्याच रस्त्यामुळे उभी राहिली, इटलीच्या बाजूचा जोड मात्र १९६८ ला मिळाला. हिवाळ्यात खिंड बंद, म्हणजे होखगुर्गलच्या पुढे गाडी जातच नाही, आरपार जाणारी वाहतूक शून्य. आम्ही इन्सब्रुकहून ट्रेनने ओट्झताल स्टेशन आणि तिथून बसने वर जाणार, शेवटच्या स्टॉपपर्यंत. खोल्या मात्र आत्ताच बघायला घेतल्यात, कारण जमिनीचं गणित अजून तेच आहे.