पियानो ट्रिओची मैफल ठरवताय? हॉल पक्का करण्याआधी हे वाचा

आम्ही फोंड्यात पियानो भाड्याने देतो, लावून देतो आणि दुरुस्त करतो. त्याच्या आधीपासून आमच्याकडे पेटीचं काम चालतं, त्यामुळे सूर बिघडला की मैफलीचं काय होतं ते आम्हाला नव्याने शिकावं लागलं नाही. हे पत्रक संगीत सभा, शाळा आणि हॉलवाल्यांसाठी आहे. परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात शिकवणाऱ्या तीन प्राध्यापकांचा ट्रिओ तुमच्याकडे वाजवायला येणार असेल, तर हे पत्रक तुमच्या कामाचं आहे.

पियानो ट्रिओ म्हणजे तीन पियानो नव्हेत. पियानो, व्हायोलिन आणि चेलो (व्हायोलिनच्याच जातीचं, पण बसून वाजवायचं मोठं वाद्य) अशी ही तीन वाद्यं. तरीही पत्रव्यवहारात एकदा विचारून घ्या. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा वर्डेर ट्रिओ व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पियानोचा होता. त्यांच्यासाठी संगीतकारांनी दोनशेहून अधिक रचना नव्याने लिहिल्या. चेलो नसेल तर मंचाची मांडणीच बदलते.

प्राध्यापकांचे ट्रिओ टिकतात, कारण तालमीला तिघंही एकाच आवारात सापडतात. बोझार ट्रिओ मात्र शिक्षक आणि फिरते कलाकार यांच्या जोरावर चालला. 1955 साली मेनाहेम प्रेसलर, डॅनियल गिले आणि बर्नार्ड ग्रीनहाउस यांनी तो सुरू केला, आणि त्याच वर्षी प्रेसलर इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. 2008 मध्ये ट्रिओ थांबला तोवर व्हायोलिनवर पाच जण येऊन गेले आणि चेलोवर तीन. पियानोवर शेवटपर्यंत प्रेसलरच.

आपल्याकडे बैठकीत गायक पुढे आणि साथीदार बाजूला, ही सवय डोळ्यांत बसलेली असते. म्हणून आयोजक पियानो मागे कोपऱ्यात सारतात आणि व्हायोलिन पुढे आणतात. अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकाराच्या काळात तसं कुणी केलं असतं तर चेलोवाल्याची फारशी तक्रार नसती, कारण त्याला बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचे खर्जातले स्वरच वाजवायचे असत. बेथोव्हेनने 1795 मध्ये ‘ओपस 1’, म्हणजे क्रमांक दिलेली आपली पहिली कृती, म्हणून तीन ट्रिओ काढले आणि 1811 च्या ‘आर्चड्यूक’ ट्रिओपर्यंत चेलोला स्वतःचं बोलणं मिळालं. शूबर्टच्या 1827 च्या ई फ्लॅट ट्रिओत दुसऱ्या भागाची धून चेलोच सुरू करतो. द्वोर्झाकचा 1891 चा ‘डुम्की’ ट्रिओ ऐकून पाहा, मुख्य कोण आणि साथ कोणाची हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा आधी पियानोची जागा ठरवा. वाजवणाऱ्याला मान न वळवता दोघंही दिसली पाहिजेत आणि चेलो श्रोत्यांकडे तोंड करून हवा. चेलोच्या टोकाचा खिळा गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून त्याखाली फळी किंवा जाड पट्टा लागतो. तो आम्ही आणतो. तिघांनाही हात नसलेलं बसायला हवं. प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्च्या चालत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. व्हायोलिनवाला स्वतःचं वाद्य खांद्यावर घेऊन येतो, चेलोवाला तर त्याच्यासाठी विमानाचं वेगळं तिकीट काढतो. पियानोवाल्याला मात्र तुम्ही द्याल ते वाद्य वाजवावं लागतं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे व्हायोलिनवादक देणाऱ्या गोव्यात चांगल्या कानाच्या श्रोत्यांची वाण नाही. वाण आहे ती चांगल्या राखलेल्या पियानोंची. खर्च कुठे वाचवायचा असेल तर फलकावर वाचवा, पियानोवर नको.

व्हायोलिन आणि चेलो पियानोच्या ए स्वराला जुळवून घेतात. पियानोला मात्र ऐनवेळी त्यांच्याकडे सरकता येत नाही, त्याच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा एकेक करून लावाव्या लागतात. पावसाळ्यात आपल्या हवेतलं पाणी पियानोच्या ध्वनिफलकाचं, म्हणजे तारांखालच्या पातळ फळीचं, लाकूड पितं, फलक फुगतो, तारा ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की तो उतरतो. म्हणून पियानो हॉलमध्ये निदान आदल्या दिवशी पोचायला हवा. मैफलीत एसी चालणार असेल तर लावतानाही तो तितकाच चालू असू द्या. एसी रात्री बंद करून सकाळी लावलेला पियानो संध्याकाळी तसाच राहील, याची हमी आम्ही देत नाही आणि दुसऱ्या कुणी दिली तर विश्वास ठेवू नका.

लावायला दीड-दोन तास लागतात आणि त्या वेळात हॉलमध्ये शांतता हवी. माइक टेस्टिंग, खुर्च्या ओढणं, मंडपाच्या खिळ्यांची ठोकाठोक, सगळं आधी किंवा नंतर. खरं तर लहान हॉलमध्ये माइक लागतच नाही. घरघरणारे पंखे बंद करता आले तर बघा. त्यांनी स्वरलिपीची पानंही उडतात.

पियानोचं झाकण किती उघडायचं ते वाजवणाऱ्यावर सोडा. ‘आवाज दाबला जाईल’ म्हणून आधीच बंद करून ठेवू नका, आणि त्यावर समई, नारळ, फुलदाणी यातलं काहीही ठेवू नका. पानं उलटायला स्वरलिपी वाचणारा एक माणूस लागू शकतो. तो तुमच्याकडे आहे की पाहुणे आणणार आहेत, ते आधी विचारा.

ट्रिओसाठी उभा पियानो आम्ही शक्यतो देत नाही, कारण त्यामागे वाजवणारा झाकला जातो. मध्यम ग्रँड पियानोचं वजन तीनशे किलोच्या घरात असतं. पाय काढून, आडवा करून तो न्यावा लागतो. त्यामुळे आरक्षण करताना हॉल कितव्या मजल्यावर आहे, जिन्याला वळण आहे का आणि दाराची रुंदी किती, हे कळवा. टेम्पो दारापर्यंत येत नसेल तर तेही सांगा. भर पावसात आम्ही पियानो हलवत नाही.

विद्यापीठांना डिसेंबर-जानेवारीत सुट्टी असते, म्हणून हे पाहुणे बहुधा त्याच दिवसांत येतात. लग्नांची आणि इतर कार्यक्रमांची मागणीही तेव्हाच असते. तारीख पक्की व्हायच्या आधीच आम्हाला अंदाज द्या. दुसऱ्या दिवशी मुलांसाठी शिकवणी ठेवणार असाल तर पियानो एक दिवस जास्त लागेल. त्याचं भाडं निम्मं घेतो, पण पुन्हा लावण्याचे पैसे वेगळे.