बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी

मे महिन्यात नागपुरात लाईन गेली की सगळ्या घराचं लक्ष इन्व्हर्टरकडे जातं. एरवी वर्षभर कोपऱ्यात पडून असलेली बॅटरी तेव्हा कुठे कोणीतरी नीट बघतं. टर्मिनलवर पांढरी भुकटी साठलेली असते, तांब्याच्या वायरजवळ तिला निळसर-हिरवी झाक असते. मग जुना टूथब्रश घेऊन ती खरवडली जाते, वर फुंकरही मारली जाते. ही फुंकर मारू नये, हे सांगण्यासाठी आजचा लेख.

ती पांढरी भुकटी मुख्यतः लेड सल्फेट, म्हणजे विषारी शिशाचा क्षार असते आणि निळी झाक कॉपर सल्फेटची, म्हणजे मोरचुदाची. दोन्ही सल्फेटंच, आणि दोन्ही बॅटरीतल्या गंधकाम्लापासूनच तयार झालेली. स्वभाव मात्र अगदी वेगळा.

मोरचूद काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना सांगायला नको. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संत्र्याच्या बुंध्याला जी निळसर पेस्ट लावतात, ती मोरचूद आणि चुन्याची. झाडाला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) लागू नये म्हणून नागपुरातली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही तिचा वापर सुचवते. फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मोरचूद पाण्यात सहज विरघळतं, आणि तसंच फवारलं तर पानं करपतात. चुन्यामुळे त्यातलं तांबं न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि पानावर चिकटून हळूहळू काम करतं. मिश्रण जमलं की नाही हे बघायला अनुभवी शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा ब्लेड बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. लोखंड द्रावणात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं पात्यावर बसतं, एवढंच त्यामागचं रसायनशास्त्र. इतकी सोपी आणि इतकी नेमकी चाचणी प्रयोगशाळेतही क्वचित सापडते.

विरघळण्यावर विषारीपणा किती अवलंबून असतो, याचं टोकाचं उदाहरण बेरियम. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं जायचं, कारण जठरातल्या आम्लात ते विरघळतं. बेरियम सल्फेट मात्र पोटाच्या एक्स-रेआधी डॉक्टर रुग्णाला पेलाभर पाजतात. ते आम्लातही जवळपास विरघळत नाही, आत जातं तसंच बाहेर पडतं.

मग लेड सल्फेटही ‘अविद्राव्य’ म्हणून निर्धोक मानायचं का? पाठ्यपुस्तकात ते न विरघळणाऱ्या क्षारांच्या यादीत असतं. लेड नायट्रेटच्या द्रावणात सौम्य गंधकाम्लाचे थेंब टाकले की पांढराशुभ्र साका तळाशी बसतो, हा प्रयोग कॉलेजात अनेकांनी केला असेल. पण अविद्राव्य म्हणजे शून्य नव्हे. एक लिटर पाण्यात सुमारे ४० मिलिग्रॅम लेड सल्फेट विरघळतं, आणि त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त वजन शिशाचंच असतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकानुसार मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे ‘न विरघळणाऱ्या’ क्षाराचं हे पाणी मर्यादेच्या हजारो पट पुढे. जठरातल्या आम्लामुळे आणि क्लोराइडमुळे ते आणखी विरघळतं. भुकटीचे बारीक कण श्वासातून फुप्फुसात गेले, तर तिथूनही शिसं रक्तात उतरतं.

बॅटरीच्या आत मात्र हाच पदार्थ कामाचा कणा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पहिली शिसं-आम्ल बॅटरी केली, तेव्हापासून मूळ प्रक्रिया तीच आहे. एका प्लेटवर लेड डायऑक्साइड, दुसरीवर स्पंजासारखं शिसं आणि मध्ये पातळ गंधकाम्ल. पंखा चालू झाला की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होत जातं, आम्ल खर्ची पडतं, पाणी वाढतं. चार्जिंगला लावली की सगळं उलट फिरतं. म्हणूनच बॅटरीवाला हायड्रोमीटर बुडवून ‘ग्रॅव्हिटी’ बघतो: भरलेल्या बॅटरीत घनता १.२५च्या आसपास असते, उतरलेल्या बॅटरीत १.१५च्याही खाली जाते.

बॅटरी बसते ती हे सल्फेट परत फिरेनासं झालं की. ताजे स्फटिक बारीक असतात, चार्जिंगमध्ये सहज मोडतात. बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली ठेवली, तर ते मोठे आणि टणक होतात, मग करंट त्यांच्यावर चालत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पाणीही भराभर उडतं आणि उघड्या पडलेल्या प्लेटा वाळतात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पाणी घालायचं तर डिस्टिल्डच. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात काय असतं ते मेअखेर कूलरच्या गवतावर दिसतं, तो पांढरा थर क्षारांचा. त्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड बॅटरीत गेलं की ती जागच्या जागी उतरते. आणि वरून आम्ल कधीच भरू नये. उडालेलं असतं ते पाणी, आम्ल आतच असतं.

माझी खरी काळजी बॅटरी निकामी झाल्यानंतरची आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसं या बॅटऱ्यांत जातं, आणि ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं. ही फार चांगली गोष्ट आहे. पण योग्य भट्टीत, धूर आणि धूळ अडवणाऱ्या यंत्रणेसह. चोरीछुपे काम करणारे कुऱ्हाडीने बॅटरी फोडतात, आम्ल नालीत ओततात आणि प्लेटा उघड्यावर वितळवतात. त्या आम्लात शिशाचा गाळ असतो, धुरात शिशाचे ऑक्साइड, आणि सल्फेट तापल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड डोळे-घसा जाळतो. माती एकदा अशी भरली की वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि त्याच मातीत पोरं खेळतात.

मुलांचं शरीर पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. रक्तातून ते महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांत मात्र दशकं राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकतं. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही. कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येईल असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसं काढलं गेलं, घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. बॅटरीचं शिसं मात्र अजून घराघरात आहे.

तर, टर्मिनल साफ करायचं असेल तर आधी इन्व्हर्टर बंद, वायर सोडवलेली, सेलची बुचं घट्ट, हातात रबरी मोजे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओल्या कापडाने पुसायचं. फसफस थांबली की आम्ल मेलं. कोरडं खरवडायचं नाही. कापड स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, पिशवीत बांधून टाकायचं. सुकल्यावर टर्मिनलला व्हॅसलीन लावलं की भुकटी लवकर धरत नाही. चार्जिंगला असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ उदबत्तीही नको. आणि जुनी बॅटरी कबाड्याला विकण्याऐवजी, आम्लासकट, न फोडता, नवी घेताना दुकानदाराकडेच द्यायची. ती परत घेण्याची तरतूद २००१ च्या नियमांत होती, आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली आहे.