दोन लिप्यांनी मूल गोंधळतं? तसं नाहीये

"लहान मुलांना एकदम दोन लिप्या शिकवू नका, धड एकही येणार नाही" हा मेसेज परत फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, पण तसं नसतं.

अक्षर म्हणजे आवाजाची खूण, हे मुलाला एकदाच कळावं लागतं, दुसऱ्या लिपीत फक्त नवीन खुणा शिकायच्या असतात. आपल्या मराठी शाळांतली पोरं 2000 पासून पहिलीतच एबीसीडी पण शिकतायत ना. आता ठाणे जिल्ह्यातलं उल्हासनगर घ्या, फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं वसली, सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, 52 अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि देवनागरीतही लिहितात, त्यात ब-च्या खाली रेघ मारून ॿ, कारण तो आवाज आपल्या मराठीत नाहीच. अरबी वळणात ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, वाचताना आपण भरायचे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ लागू शकतो, पण वेळ लागणं म्हणजे गोंधळ नव्हे.

घरीच बघा. 'टामू' सारखा अर्थ नसलेला शब्द दोन्ही लिप्यांत लिहून द्या. एकीत वाचला, दुसरीत अडला तर नेमकं कुठल्या अक्षरावर अडतोय ते बघा, तेवढं अक्षर पक्कं करून घ्या. दोन्हीकडे अडत असेल तर बाईंशी बोला, एक लिपी बंद करून ती अडचण जात नाही.